खाली फेरेट, वर उंदीर : प्रकल्प नोंदी

२६ फेब्रुवारी २०२२, शनिवार. लीड्स, इंग्लंड

शेवटी ठरलं. रेवाला उंदीर हवेत, मला फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) हवेत आणि अनघाला घरात कशाचाच वास नकोय. तिघांच्या मागण्या कागदावर मांडल्या, पण खरी अडचण त्या कागदावर नव्हतीच. यातला एक प्राणी दुसऱ्याला खातो. म्हणून पिंजरे, जाळ्या, खाणं हे सगळं नंतर. आधी घराचा नकाशा.

घर इथल्या जुन्या विटांच्या रांगेतलं, अरुंद आणि उंच. मागं चिंचोळी बाग, तिच्या टोकाला लाकडी शेड. वर छपराखाली एक छोटी खोली आहे, तिथं सध्या रिकाम्या सूटकेस पडल्या आहेत. फेरेट शेडमध्ये आणि उंदीर वरच्या खोलीत, म्हणजे मध्ये बाग, दोन दारं आणि दोन जिने आले. मापानं अंतर भरपूर आहे. पण उंदीर नाकावर जगतो, त्याच्या हिशोबानं ते किती ठरतं ते बघायचं.

आईला व्हिडिओ कॉलवर फेरेटचा फोटो दाखवला. "मुंगूस पाळतोयस?" दिसायला तसाच, पण त्याचं जवळचं नातं पाणमांजराशी. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याचा हा माणसाळलेला वंशज, आणि माणसाबरोबर दोन हजार वर्षांहून जास्त काळ आहे. सशांच्या बिळात सोडायचा, ससे घाबरून बाहेर पळतात, बिळाच्या तोंडाशी जाळं लावलेलं असतं. आमच्या यॉर्कशर परगण्यात त्याचं कुणाला नवल नाही. शेजारचे आजोबा खाणीत कामाला होते, तेव्हापासून त्यांच्याकडे फेरेट असायचे. उंदरांचं कळल्यावर मात्र आई गप्प झाली, मग म्हणाली, "इथं आम्ही औषध घालतो आणि तू दाणे घालणार."

५ मार्च, शनिवार

शेड रिकामी केली. गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे, खतं, सगळं बाहेर. सगळ्यात बारकाईनं शोधलं ते रबर आणि फोम. फेरेटला, विशेषतः तरुण फेरेटला, रबर चावायचा नाद असतो. तुकडा गिळला की आतडं तुंबतं आणि ऑपरेशनवाचून सुटका नाही. जुन्या खुर्चीची गादी, बागेच्या नळाचे वॉशर, दाराखालची रबरी पट्टी, सगळं काढलं.

भिंतींना आतून आणि बाहेरच्या पिंजऱ्याला वेल्डमेश जाळी लावली, अर्धा इंच बाय एक इंच चौकटीची. चिकन वायर स्वस्त पडते, पण ती कोंबडीला आत ठेवायला ठीक. कोल्ह्याला बाहेर ठेवायला कुचकामी, आणि रात्री आमच्या गल्लीत कोल्हे राजरोस फिरतात. पिंजऱ्याच्या तळाला फरशा घातल्या, कारण फेरेट उकरतो. आजोबा कुंपणावरून बघत होते. त्यांनी फटी तपासायची एकच रीत सांगितली : डोकं गेलं की धड गेलंच म्हणून समज.

दाराला नुसती कडी चालणार नाही, कडीत कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहक वापरतात तसला स्प्रिंगचा हुक, अडकवला. शिवाय दाराच्या आत दुसरं दार, मध्ये माणूस उभा राहील एवढी पडवी. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पडवीत एक खिळा ठोकून जुना डगला टांगला. शेडमध्ये जाताना तोच घालायचा आणि निघताना तिथंच काढायचा. उंदरांच्या दृष्टीनं या अख्ख्या बांधकामात तो खिळा सगळ्यात महत्त्वाचा ठरेल असं मला वाटतं.

१३ मार्च, रविवार

उंदरांचं घर. कुणीतरी काढून टाकलेलं तीन फुटी अ‍ॅक्वेरियम मिळालं. काच चावून पळता येत नाही हा फायदा, पण आत हवा कोंडते आणि लघवीतला अमोनिया साचतो, हा तोटा मोठा. उंदरांची छाती मुळातच नाजूक. मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू पुष्कळांच्या अंगात गप्प पडून असतात, अमोनियानं नाक-घसा सोलवटला की डोकं वर काढतात. म्हणून वरचं झाकण पूर्ण जाळीचं केलं, फट सहा मिलिमीटरच्या आत.

खाली वीतभर जाड थर : कागदाचा भुगा, अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा, थोडं वाळकं गवत. पाइन आणि सीडरचा भुसा घ्यायचा नाही. आपल्याला त्याचा वास छान वाटतो, पण ज्या तेलांमुळे तो येतो तीच श्वासनळीला आणि यकृताला बाधतात. चाक वीस सेंटिमीटरचं, सलग पृष्ठभागाचं. दुकानात मिळतात त्या छोट्या, तारांच्या चाकांत उंदराची पाठ धनुष्यासारखी उलटी वाकते आणि शेपूट अडकते.

सफाईचं वेळापत्रक रेवानं दारावर चिकटवलं. त्यात एक दुरुस्ती केली : सगळा भुसा एकदम बदलायचा नाही. उंदीर आपल्या जागेवर वासाची नोंद करून ठेवतात. ती एका दमात पुसली की ते बिथरतात आणि दुप्पट जोमानं पुन्हा खुणा करतात, म्हणजे सफाईनंतर वास वाढतोच. अर्धा काढायचा, अर्धा ठेवायचा, आणि घरट्याला हात लावायचा नाही.

१९ मार्च, शनिवार

दुकानातल्या पाटीवर "माद्या" लिहिलेलं होतं. पाटीवर विश्वास न ठेवता रेवानं एकेकीला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिलं. नरात दोन छिद्रांमधलं अंतर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतं, एकदा शेजारी शेजारी पाहिलं की चुकत नाही. निवडलेल्यांतली एक "ती" नव्हतीच. दुकानदार खांदे उडवून म्हणाला, होतं असं कधीकधी. बदलून घेतली.

हे तपासणं चोंबडेपणा नव्हे. मादी चार-पाच दिवसांनी माजावर येते, गर्भ एकोणीस ते एकवीस दिवसांचा, एका वेतात सहा-आठ पिल्लं सहज, आणि विणं झाल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं दीड महिन्यात स्वतः वयात येतात. बाकीचं गणित ज्याचं त्यानं करावं. नर एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात आणि त्यांच्या लघवीचा वासही उग्र, म्हणून तीन माद्या. नावं रेवानं मसाल्याच्या डब्यातून उचलली : मोहरी काळी, खसखस फिकी, तीळ ठिपक्यांची.

मोहरीचा काळा रंग बघून आठवलं. जगभरच्या प्रयोगशाळांत सगळ्यात जास्त वापरला जाणारा काळा उंदीर, सी५७ ब्लॅक ६, याचं मूळ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या बाईंच्या उंदरांपर्यंत जातं. त्या हौशी लोकांना पाळायला उंदीर विकत. त्यांच्याकडच्या सत्तावन्न क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये तो वंश सुरू केला. हौस आधी, विज्ञान मागून. इंग्लंडात तर नॅशनल माऊस क्लब १८९५ सालापासून आहे आणि उंदरांचे रंग, कान, शेपटीची लांबी यांवर अजूनही बक्षिसं देतो.

उचलायचं कसं यावरून घरात वाद झाला. मी लहानपणी पाहिलेलं ते शेपटी धरून उचलणं. ते बंद. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये "नेचर मेथड्स"मध्ये दाखवलं की शेपटीनं उचललेले उंदीर माणसाला टाळतात आणि घाबरट होतात. नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले स्वतःहून जवळ येतात. किचन रोलची पुठ्ठ्याची नळी आत ठेवली. संध्याकाळपर्यंत तिघींनी ती कुरतडून निम्मी केली. दुसरी ठेवली.

२ एप्रिल, शनिवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली, दुपारी फेरेट आणले. रेस्क्यू केंद्रात त्यांची गर्दी असते. सशांच्या मागे बिळात गेलेला फेरेट कधीकधी आत ससा मारून तिथंच झोपतो, मालक वाट बघून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी बागेत सापडतो. आमचे दोघेही असेच सापडलेले. नर पांढरा, लाल डोळ्यांचा, अंगापिंडानं मोठा. मादी त्याच्या निम्मी, तोंडावर डोळ्यांच्या बाजूनं गडद पट्टा. ताक आणि काजळ.

पिंजऱ्यातून शेडमध्ये सोडले. पहिली पाच मिनिटं भिंतीच्या कडेनं हुंगत फिरले. मग काजळनं पाठीची कमान केली, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलवली आणि चारी पायांवर एकदम, आडवी, मागे, पुढे, दात दाखवत उड्या मारायला लागली. भिंतीवर आपटली, पडली, पुन्हा सुरू. घशातून "डुक डुक डुक" असा आवाज. रेवा घाबरली. आजोबा म्हणाले, मजेत आहे ती. अनघा म्हणाली, ही मजा असेल तर राग कसा असेल.

मग दोघे टांगलेल्या झोळीत चढले आणि एकमेकांवर घडी पडून झोपले. दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला मेल्यासारखे वाटतात. मान लुळी, हलवलं तरी दखल नाही.

९ एप्रिल, शनिवार

खाणं. फेरेट निव्वळ मांसाहारी आहे. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, त्यामुळे दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो. भरपूर प्राणिज प्रथिनं आणि चरबी लागते. धान्य, फळं, तंतुमय पदार्थ त्याच्या काही कामाचे नाहीत आणि गोड तर नकोच. कुत्र्याचं कोरडं खाणं त्याला चालत नाही, त्यात वनस्पतींचा भाग जास्त असतो. फेरेटसाठीचं खास कोरडं खाणं चोवीस तास वाडग्यात आणि रोज एकदा कच्चं, असं ठरवलं.

"कच्चं" म्हणजे इथं गोठवलेली एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, पाकिटात. सशाचं मांस मिळतं. आणि गोठवलेले उंदीरही मिळतात, आकारानुसार वेगवेगळ्या पाकिटांत, साप पाळणारे घेतात तसेच. फेरेटसाठी ते उत्तम अन्न आहे : हाड, कातडी, आतडी, सगळं प्रमाणात. रेवानं यादी वाचली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. खोडली ती ओळ. तर्काला धरून नाही हे मला कळतं. कोंबडीचं पिल्लू चालतं मग उंदीर का नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण हे घर तर्कावर चालत नाही.

अनघा शाकाहारी. स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये पिवळी पिल्लं आणि मटार एकत्र राहणार नाहीत, हे तिनं सांगायची गरजच नव्हती. शेडमागच्या कोपऱ्यात जुना छोटा फ्रीझर बसवला. फेरेट खाणं झोळीखाली, घरट्यात नेऊन लपवतो, म्हणून रोज संध्याकाळी हात घालून कोठार शोधायचं. हे काम माझं. कोरडं खाणं पत्र्याच्या डब्यात, नाहीतर बागेतले रानउंदीर शेडकडे येतील. इथं त्यांचा निकाल लागेल, पण त्यांच्यासोबतचे जंतू माझ्या चपलांवरून वरच्या खोलीत जायला नकोत.

उंदरांचं खाणं सोपं. एकीला दिवसाला तीन ते पाच ग्रॅम. गोळीचं तयार खाणं, ओट्स, थोडी ज्वारी, कधी उकडलेल्या अंड्याचा कण. वाडग्यात देत नाही, भुशावर पसरतो. शोधण्यात त्यांची रात्र जाते.

१४ एप्रिल, गुरुवार

व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. काजळ माजावर आहे हे मला रविवारीच दिसलं होतं, मागचा भाग टम्म सुजलेला. दिवस मोठा व्हायला लागला की मादी माजावर येते, आणि समागम झाल्याखेरीज तिचा माज उतरत नाही. महिनोन् महिने इस्ट्रोजेन चढलेलं राहतं, ते हाडांच्या मगजातल्या रक्त बनवणाऱ्या पेशी मारतं आणि मादी पांडुरोगानं मरते. पाळणाऱ्याला हे माहीत नसेल तर मरण ठरलेलंच. जुने लोक यासाठी नसबंदी केलेला नर ठेवत.

शस्त्रक्रिया करून अंडाशय काढावेत का? डॉक्टरांनी नको म्हटलं आणि कारण नीट समजावलं. बीजग्रंथी काढल्या की मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकाला लगाम राहत नाही, ते मूत्रपिंडांजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना सतत टोचत राहतं आणि काही वर्षांनी त्या ग्रंथी वाढतात. अंगावरचे केस शेपटीपासून गळायला लागतात, नराला लघवी तुंबते. त्याऐवजी डेस्लोरेलिन नावाच्या औषधाचं इम्प्लांट, तांदळाच्या लांब दाण्याएवढं, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली. ते मेंदूपाशीच आवाज बंद करतं. ताकलाही घातलं, वसंतात नराच्या अंगाला सुटणारा तेलकट दर्प त्यानं उतरतो. अनघानं या खर्चाला पहिल्यांदाच मनापासून मान डोलावली.

डिस्टेंपरची लसही दिली. कुत्र्यांचा हा रोग फेरेटला झाला तर तो जवळजवळ कधीच वाचत नाही. लसीनंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं, काहींना तिची जोरदार अ‍ॅलर्जी येते म्हणून.

२४ एप्रिल, रविवार

आज वरच्या खोलीत एक गोष्ट घडली ती सविस्तर.

दुपारी रेवा उंदरांसमोर बसली होती. तीळ चाकात, मोहरी कागदाच्या पट्ट्या ओढत होती. पट्टी दातात धरायची, दोन्ही हातांनी फिरवत फिरवत उभी चिरायची आणि घरट्याच्या घुमटात आतून खोचायची, असं तिचं बारीक काम चाललं होतं. अचानक तिघीही थांबल्या. चाक उरलेल्या गतीनं एक फेरी फिरलं, तीळ त्यात पोट टेकून, कान मागे. मोहरीच्या तोंडात पट्टी तशीच. मिशासुद्धा हलत नव्हत्या. बराच वेळ असं गेलं, मग एकेक करून, जमिनीला घासत, घरट्यात. संध्याकाळी खाण्यालाही बाहेर नाहीत.

खाली मी फेरेटची झोळी धुवायला घरात आणली होती. वॉशिंग मशीन जिन्याखाली आहे. दारं उघडी आणि जिना म्हणजे धुराडंच, वास सरळ वर. प्रयोगशाळांत उंदरांना आणि घुशींना भीती घालायची असते तेव्हा फेरेटच्या अंगाला घासलेला टॉवेल पिंजऱ्यात ठेवतात, ही पद्धत प्रसिद्ध आहे. या तिघींनी जन्मात फेरेट पाहिलेला नाही, त्यांच्या आयांनीही नसेल. तरी नाकाला माहीत आहे. सतत अशा भीतीत राहिलेला उंदीर खात नाही, रोगाला लवकर बळी पडतो. "वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा म्हणजे झालं" असं पाळीव प्राण्यांच्या पुस्तिकांत छापतात, ते अर्धंच खरं आहे.

नवे नियम लावले. फेरेटचे कपडे शेडमागच्या बादलीत, वॉशिंग पावडरमध्ये भिजवून, हातानं. सकाळी आधी उंदीर, मग फेरेट. उलट कधीच नाही. फेरेटनंतर वर जायचं असेल तर हात कोपरापर्यंत धुऊन, शर्ट बदलून. वरच्या खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. जिन्याखालच्या दाराला खालून ब्रशपट्टी.

१५ मे, रविवार

नवीन काही नाही. ताक हाताला चावायचा, ते कमी झालंय. चावला की ओरडायचं नाही, मानेवरची सैल कातडी धरून अलगद उचलायचा. तसं धरलं की फेरेटचं अंग ढिलं पडतं आणि तो लांबलचक जांभई देतो, कानाच्या मुळापर्यंत तोंड उघडून. राग कुठल्या कुठे. याच वेळी नखं आणि दात तपासून घेतो.

आंघोळ घालायची नाही हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो, कारण पाहुणे तेच सुचवतात. धुतलं की कातडी कोरडी पडते, ती भरून काढायला जास्त तेल सुटतं आणि दोन दिवसांत वास पहिल्यापेक्षा जास्त.

त्यांना प्लॅस्टिकचा लांब पाइप आणून दिला. एका टोकानं आत, दुसऱ्यानं बाहेर, तासभर. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत फेलिशिया नावाच्या फेरेटला दोरी बांधून नव्या यंत्राच्या नळ्यांतून पाठवत आणि मागून त्या दोरीला फडकं बांधून नळी साफ करत. काजळला ही नोकरी मिळाली असती. ताक मध्येच झोपला असता.

१७ जुलै, रविवार

हवामान खात्यानं उद्या आणि परवासाठी उष्णतेचा लाल इशारा दिलाय. असा इशारा या देशात पहिल्यांदाच. फेरेटला घाम जवळजवळ येत नाही. पंधरा ते वीस अंशांत तो खुशीत असतो, सत्तावीसच्या पुढे धाप लागते, तिशीत उष्माघात. शेडचं लाकूड तापलं तर बाहेरपेक्षा आत जास्त.

इथले लोक पंखे शोधत दुकानं पालथी घालताहेत. पण पंखा घाम वाळवून गार करतो, घामच नसलेल्याला गरम वारा काय कामाचा? आम्ही पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये वाढलेली माणसं. आजीकडे दाराला वाळ्याचा पडदा असायचा, दुपारी त्यावर तांब्यानं पाणी मारायचं. वाळा इथं कुठला, पोत्याचं कापड आणलं. शेडच्या उन्हाच्या बाजूला दोन थर टांगले, छपरावर जुनी पांढरी चादर. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये.

१९ जुलै, मंगळवार

लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश. या देशातला आजवरचा उच्चांक. आमच्या बागेत दुपारी सावलीत छत्तीस.

सकाळी नऊलाच बेत बदलला. ओल्या पोत्यांनी शेड सहा-सात अंश उतरत होती, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. घरात सगळ्यात गार जागा म्हणजे तळघरातली जुनी कोळशाची खोली, जमिनीखाली, दगडी भिंतींची, एकवीस अंश. फेरेट तिथं हलवले. पण तळघराचं दार जिन्याखालीच उघडतं. म्हणून उंदीरही हलवावे लागले, छपराखालची खोली नाहीतरी भट्टी झाली होती. उंदरांना तीस अंशांच्या पुढे त्रास होतोच. त्यांचं अ‍ॅक्वेरियम रेवानं आणि मी उचलून आजोबांच्या घरी, उत्तरेकडच्या खोलीत नेलं. आजोबांकडे आता एकही फेरेट नाही हे आधी विचारून घेतलं. तरी त्यांच्या कोटाच्या खुंटीपासून लांब ठेवलं.

फेरेटना फडक्यात गुंडाळलेल्या गोठलेल्या बाटल्या दिल्या. काजळ बाटलीला पाठ लावून पसरली. ताकनं पाण्याच्या पसरट थाळीत तोंड डोळ्यांपर्यंत बुडवून बुडबुडे काढले आणि मग थाळीतच बसला. दर तासाला हिरड्या पाहिल्या. लालभडक झाल्या, जीभ बाहेर लोंबली, चालणं लडखडलं, तर कोमट-गार पाण्यात पंजे आणि पोट भिजवून थेट व्हेट. बर्फाचं पाणी अंगावर ओतायचं नाही, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. वेळ आली नाही.

३१ ऑगस्ट, बुधवार. गणपती

दीड दिवसाचा. आरतीला बरीच मंडळी, त्यातली निम्मी मुलं बाप्पाच्या उंदराकडे बघून लगेच वर पळाली. रेवानं खोलीबाहेर टेबल मांडून हात धुण्याची रांग लावली. एका वेळी दोघंच आत, बसून, आवाज नाही. खसखसला खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा, तेवढा चालतो.

एक काकू मोदक घेऊन शेडकडे निघाल्या. "मुका जीव, त्याला नको का प्रसाद?" काकूंना सांगितलं की त्याला गूळ-तांदूळ पचत नाही. त्या म्हणाल्या, "देवाचं कधी बाधत नाही." शेवटी अनघानं तो मोदक स्वतः खाऊन प्रश्न मिटवला.

२५ सप्टेंबर, रविवार

मला ताप, खोकला. कोविडची तपासणी निगेटिव्ह, म्हणजे बहुधा फ्लू. दहा दिवस शेड बंद, अनघा आणि रेवा जातील, मास्क लावून. आपला फ्लू जसाच्या तसा घेणाऱ्या मोजक्या प्राण्यांत फेरेट आहे. त्याला ताप येतो, तो शिंकतो. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तोच यामुळे. १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात सोडलं आणि फेरेट आजारी पडले. कोविडही त्यांना होतो. त्यांचे भाऊबंद मिंक, जे केसाळ कातड्यासाठी पाळतात, डेन्मार्कनं २०२० मध्ये त्याच कारणानं सगळ्या फार्मवरचे मारून टाकायचा हुकूम दिला.

पिल्लांच्या पाकिटाला अनघानं हात लावला. दोन जोड हातमोजे, वर चिमटा, पण लावला. याची नोंद हवी.

३० ऑक्टोबर, रविवार

रात्री घड्याळं एक तास मागे गेली. फेरेटना घड्याळ नाही, उजेड आहे. शेडमध्ये मी बसवलेला दिवा संध्याकाळी जळत राहिला तर त्यांचं शरीर उन्हाळाच समजत राहतं, आणि लांब दिवसांचा संबंध पुन्हा त्याच अ‍ॅड्रिनलच्या दुखण्याशी येतो. दिवा काढला. आता डोक्याला लावायची बॅटरी, तीही लाल उजेडाची. ताकची थंडीची लोकर आलीय आणि वजन उन्हाळ्यापेक्षा चांगलंच वाढलंय. हे दुखणं नाही, दर हिवाळ्यात होतं. खाणं कमी करायचं नाही.

वरच्या खोलीतली बातमी बरी नाही. खसखसच्या पुढच्या पायामागे वाटाण्याएवढी गाठ. उंदरांच्या माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, बहुतेक वेळा वाईटच असतात, आणि उंदराच्या छातीपासून मांडीपर्यंत कुठेही येऊ शकतात कारण स्तनग्रंथी तेवढ्या पसरलेल्या असतात. काढता येते, पण तीस ग्रॅमच्या जिवाला भूल देणं जोखमीचं आणि गाठ परत येते. उंदराचं आयुष्यच दोनेक वर्षांचं. रेवानं डॉक्टरांना सगळे प्रश्न स्वतः विचारले. ऑपरेशन नको असं ठरवलं तिनंच. खसखस खाते, चाकात जाते, तोपर्यंत ठीक. रोज स्वयंपाकघराच्या वजनकाट्यावर, नळीसकट. खाणं थांबलं किंवा गाठ फुटली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं, हे रेवाच्या अक्षरात दारावर लिहिलंय.

पुढच्या शनिवारची कामं : शेडच्या उत्तर भिंतीला आतून फळ्या, घरट्याच्या पेटीत आजोबांकडचा पेंढा, पडवीतला डगला धुवायला (बादलीत, घरात नाही). इम्प्लांटची पुढची तारीख व्हेटकडून विचारून घ्यायची.